टॉवेलचा हत्ती उभा का राहत नाही?

पाहुणचार : वाचकांचे प्रश्न

गेल्या अंकात घरगुती मुक्कामाच्या खोलीची मांडणी सांगताना पलंगाच्या पायथ्याशी ठेवलेल्या टॉवेलच्या हत्तीचा फोटो छापला होता. चादर कशी ताणायची, उशीचं तोंड कुठल्या बाजूला ठेवायचं यावर मी पानभर लिहिलं आणि पत्रं आली ती सगळी हत्तीवर. मला नवल वाटलं नाही. जहाजावर केबिन स्टुअर्ड होतो तेव्हाही हेच चालायचं. बाथरूमच्या फरशांमधल्या रेघा घासून पांढऱ्या केल्या तर कोणी मान वळवून बघायचं नाही. हँगरला माकड टांगलं की मात्र पाहुणा शेजारच्या केबिनची दारं वाजवत सुटायचा. आता मी वेंगुर्ल्यात असतो, मुलांना हाऊसकीपिंग शिकवतो, आणि पहिल्याच तासाला ती हेच विचारतात, "सर, हत्ती कधी?" तर या वेळी सगळा अंक हत्तीचा.

प्रश्न : दिवेआगरला आमचा चार खोल्यांचा होमस्टे आहे. तुमचा फोटो बघून मी दोनदा हत्ती केला. केला तेव्हा छान दिसत होता, पण पाहुणे येईपर्यंत पुढचे पाय पसरून तोंडावर पडलेला. व्हिडिओत बघितलं तसंच करते आहे. चुकतंय कुठे? (एक गृहिणी, दिवेआगर)

उत्तर : ताई, घडी तुमची बरोबरच असणार. आधी टॉवेल तपासू.

मोठा टॉवेल साधारण ७० बाय १४० सेंटिमीटरचा घ्या आणि स्वयंपाकघरातल्या वजनकाट्यावर ठेवा. अर्धा किलोच्या आसपास भरला तर तो ५०० जीएसएमचा, म्हणजे चौरस मीटरला ५०० ग्रॅम वजनाचा. हत्तीला हाच हवा. तीनशे-साडेतीनशे ग्रॅममध्ये बसणारा पातळ टॉवेल पाय धरत नाही. आणि हौसेने आणलेला सातशे जीएसएमचा गुबगुबीत टॉवेल सुरळीच नीट होऊ देत नाही, पाय कसले, लोडच होतात.

दुसरं, तुम्ही धुताना फॅब्रिक सॉफ्टनर घालता का? बहुधा घालत असाल, कारण वासाची हौस सगळ्यांना. सॉफ्टनरचा थर टॉवेलच्या फाशांवर, म्हणजे वर उभ्या असलेल्या धाग्यांच्या वळशांवर बसतो. टॉवेल हाताला मऊ लागतो, पण फासे एकमेकांना धरत नाहीत, घसरतात. पाणीही कमी शोषतात, हे तर पाहुण्याच्या दृष्टीने हत्ती पडण्यापेक्षा वाईट. नव्या कोऱ्या टॉवेललाही गिरणीतून येताना असाच बुळबुळीतपणा असतो. तो एक-दोनदा नुसत्या साबणाने धुतल्यावर जातो. तेव्हा सॉफ्टनर बंद. आणि टॉवेल कडकडीत वाळलेला पाहिजे. जून-जुलैत आपल्याकडे दोरीवरचा टॉवेल हाताला सुका लागतो पण आत दमट असतो. तसला टॉवेल संध्याकाळपर्यंत खाली बसतो आणि वासही मारतो. पावसाळ्यात हत्तीला सुट्टी दिलीत तरी चालेल.

आता घडी. टॉवेल टेबलावर पसरा. पलंगावर नको, गादी दबते आणि सुरळी सैल होते. लांब कडा दोन्हीकडून आठ-दहा सेंटिमीटर आत दुमडा. व्हिडिओवाले ही पायरी बहुतेक वेळा गाळतात, आणि तुमचा हत्ती इथेच पडतो. ही दुमड म्हणजे हत्तीचे तळवे. पायाच्या टोकाला कापड दुहेरी झालं की तळ जड आणि सपाट होतो. आता आखूड बाजूंकडून, दोन्हीकडून एकाच वेळी, मधोमध येईपर्यंत सुरळ्या करत या. अळूवडीची गुंडाळी करताना हात जसा दाबून चालतो तसा इथे चालला पाहिजे. नुसतं फिरवत नेलं तर आत पोकळी राहते. मी सुरळीवर कोपरापुढचा हात आडवा ठेवून दाबत पुढे सरकवतो. दोन सुरळ्या मधे चिकटल्या की सगळं मधोमध वाकवा, सुरळ्या आतल्या बाजूला आणि सपाट पाठ बाहेर. चार टोकं खाली, चार पाय झाले. हाताने पाठीवर जरा दाबून पाहा. डगमगला तर डोकं ठेवायच्या भानगडीत पडू नका, उलगडून परत सुरळी करा.

डोकं हँड टॉवेलचं. लांब बाजू वर ठेवून आडवा पसरा. वरच्या कडेचा मध्य धरून दोन्ही कोपरे मधल्या रेषेवर आणा. कागदाचं विमान करताना पहिली घडी घालतो, तीच ही. मग दोन्ही तिरक्या कडा आतल्या बाजूला सुरळी करत मध्यापर्यंत आणा. टोकाकडचा निमुळता भाग ती सोंड. उलटं करा, म्हणजे सुरळ्या खाली जातील. रुंद बाजू पुढे दुमडली की कपाळ होतं, आणि तिथले सुटे पदर दोन्हीकडे ओढून पसरले की कान. सोंडेचं टोक जरा वर वळवा. डोकं पाठीच्या अगदी पुढच्या कडेवर नको, थोडं मागे ठेवा. तोंडावर पडायचं दुसरं कारण तेच असतं. हँड टॉवेल ४० बाय ६० च्या आसपासचा असावा. काही जण दोन्हीकडे मोठाच टॉवेल वापरतात आणि मग डोकं धडाला डोईजड होतं.

शेवटचं ठिकाण. मऊ गादीवर चारही पाय वेगवेगळे रुततात. पायथ्याशी घडी घातलेली चादर किंवा सोलापुरी ठेवा आणि त्यावर हत्ती. पंखा चालू असेल तर कान मिटतात, त्याला इलाज नाही.

प्रश्न : मुलीचं लग्न मे महिन्यात आहे. रुखवतात टॉवेलचे दोन राजहंस समोरासमोर ठेवायचे आहेत. आमच्या शेजारच्या वहिनी म्हणतात, फेविकॉल आणि टाचण्या लावल्याशिवाय मानेला दम येत नाही. खरं का? आणि पांढरेच टॉवेल हवेत का? (वधूमाय, इचलकरंजी)

उत्तर : वहिनींना माझा नमस्कार सांगा आणि फेविकॉलची बाटली त्यांच्याकडेच राहू द्या.

रुखवतातली वस्तू मांडवातून थेट मुलीच्या संसारात जाते. फेविकॉल लागलेला टॉवेल धुतल्यावर त्या जागी खरखरीत होतो, आणि तिने सासरी पहिल्यांदा तोंड पुसायला घेतला की वाक्य काय निघेल ते तुम्हीच ठरवा. टाचणी तर नकोच नको. घाईत सामान उचलताना एखादी आत राहतेच. रबरबँडही मेच्या उन्हात चिकटतो. मानेसाठी वर्तमानपत्राची घट्ट सुरळी करा, वर पांढरा कागद गुंडाळा म्हणजे शाई लागणार नाही, आणि ती मानेच्या आत सरकवा. जिथे मान धडाला मिळते तिथे पांढऱ्या दोऱ्याने दोन कच्चे टाके. नंतर दोरा ओढला की सुटतो. पाहुण्याच्या पलंगावर ठेवायच्या प्राण्यात मी असं काही घालू देत नाही, पण रुखवत तास न् तास मांडून ठेवायचं असतं, तिथे आधार घ्यायला हरकत नाही.

हंसाची घडी हत्तीपेक्षा सोपी. मोठा टॉवेल उभा पसरा. वरच्या आखूड कडेचा मध्य ही चोच. तिथून दोन्ही बाजू तिरक्या आत सुरळी करत मधल्या रेषेवर आणा. वर बाणासारखं टोक आणि खाली रुंद शेपूट मिळतं. आता टोकाकडचा भाग वर उभा करून पुढे वाकवा, चोच खाली. शेपटीखाली हँड टॉवेलच्या पंख्यासारख्या चुण्या घालून खोचा म्हणजे मागची बाजू भरून दिसते. दोन हंस समोरासमोर ठेवले की मानांमध्ये बदामाचा आकार होतो. हॉटेलवाल्यांनी मधुचंद्राच्या खोल्यांमध्ये तो इतका वापरलाय की मला त्याचा कंटाळा आलाय, पण लग्न तुमच्या घरचं आहे.

पांढऱ्याची सक्ती नाही. माझं मत विचाराल तर रुखवताला सोलापूरचा टॉवेल घ्या. सोलापुरी चादरीला भौगोलिक मानांकन आहे हे सगळ्यांना ठाऊक असतं, तिथल्या टेरी टॉवेललाही ते आहे हे फारसं कोणी सांगत नाही. त्याची नक्षी विणीतच असते, वरून छापलेली नसते, त्यामुळे सुरळी केली तरी रंगाच्या रेघा दिसत राहतात. हिरव्याचा पोपट करा, लाल काठ चोचीकडे येऊ द्या. हंसापेक्षा वेगळं दिसेल. चोचीच्या टोकापर्यंत काठ न्यायचा तर टॉवेल उलटा पसरून सुरुवात करावी लागते, घरी एकदा करून बघा.

आणि महत्त्वाचं : हंस घरून करून टेम्पोत घालू नका. टॉवेल, कागदाच्या सुरळ्या, सुईदोरा पिशवीत न्या आणि कार्यालयात टेबलावरच घड्या घाला. डोळ्यांसाठी काळ्या टिकल्या पुरतात. त्या निघतात.

प्रश्न : तुम्ही या प्रकाराला उगाच प्रतिष्ठा देताय असं वाटतं. स्वच्छ खोली, गरम पाणी, वेळेवर चहा, एवढंच पाहुण्याला हवं असतं. हे टॉवेलचे खेळ कोणी सुरू केले आणि कशासाठी? (निवृत्त बँक अधिकारी, पुणे)

उत्तर : साहेब, क्रम तुमचा बरोबर आहे. गरम पाणी आधी. ज्या खोलीत गिझर चालत नाही तिथे पलंगावर हत्ती ठेवणं म्हणजे पाहुण्याची थट्टा.

सुरुवातीचं म्हणाल तर कापडाला प्राण्यांचे आकार देणं हा जुना उद्योग आहे. माट्टिया गीगर नावाचा मूळचा बव्हेरियाचा माणूस इटलीत पादुआला होता. १६२९ साली त्याने तिथे मेजवानीच्या व्यवस्थेवर एक ग्रंथ छापला आणि त्यातला एक भाग नुसता नॅपकिनच्या घड्यांवर, चित्रांसकट. बारीक चुण्या घालून तागाच्या कापडाचे पक्षी, मासे, प्राणी आणि काय काय करायचे. ते टेबलाची शोभा म्हणून मांडलेले असत, त्याने कोणी तोंड पुसत नसे. जपानात जेवणाआधी हात पुसायला जो ओला रुमाल देतात, ओशिबोरी, त्याची पिल्लं आणि हत्ती करायची हौस तिकडेही आहे.

टॉवेलचे प्राणी घराघरांत माहीत झाले ते मात्र क्रूझ जहाजांमुळे, आणि त्यात कार्निव्हल या कंपनीचा वाटा मोठा. तिने घड्या शिकवणारं पुस्तकच काढलं. तिच्या जहाजांवर एखाद्या सकाळी पाहुणे उठून वर येतात तर पोहण्याच्या तलावाभोवतीच्या सगळ्या खुर्च्यांवर टॉवेलचे प्राणी बसलेले असतात. रात्रभर स्टुअर्ड मंडळी जागलेली असतात हे फोटोत दिसत नाही.

कशासाठी, याचं माझं उत्तर रोकडं आहे. जहाजावर पाहुणा संध्याकाळी जेवायला गेला की स्टुअर्ड केबिनमध्ये शिरतो. चादर उघडायची, कचरा काढायचा, बर्फ भरायचा, उद्याचा कार्यक्रम छापलेला कागद ठेवायचा. पाहुणा परत येतो तेव्हा तुम्ही तिथे नसता. तुम्ही येऊन गेलात हे त्याला कळणार कशावरून? पुसलेला आरसा बोलत नाही. प्राणी बोलतो. वीस केबिन, प्रत्येकी दोन मिनिटं, म्हणजे चाळीस मिनिटं गेली आणि तेवढ्याने सफरीच्या शेवटी पाहुणा नाव लक्षात ठेवून चांगला शेरा लिहितो. केबिनमध्ये लहान मूल असेल तर रोज वेगळा प्राणी करावा लागतो. एकदा कुत्रा करून दुसऱ्या दिवशी पुन्हा कुत्रा ठेवला तर मूल सकाळी कॉरिडॉरमध्ये गाठून जाब विचारतं.

यात पाण्याचा प्रश्न आहे, तुम्ही तो विचारला नाहीत तरी मी काढतो. नुसत्या शोभेसाठी वेगळे टॉवेल काढायचे आणि ते दुसऱ्या दिवशी न वापरता धुवायला टाकायचे, याला माझा विरोध आहे. ज्या टॉवेलने पाहुणा अंग पुसणार, त्याचाच हत्ती. एका ओढीत मोडला पाहिजे आणि मोडल्यावर टॉवेल म्हणून उपयोगी पडला पाहिजे. पादुआच्या नॅपकिनसारखं कौतुक आपल्याला नको.

प्रश्न : काका, मी हॉटेल मॅनेजमेंटचा डिप्लोमा केलाय. क्रूझवर हाऊसकीपिंगला जायचं आहे. एका एजंटने सांगितलं की 'टॉवेल आर्ट'चं सर्टिफिकेट नसेल तर सिलेक्शन होत नाही, कोर्स तोच घेतो, आणि नोकरीसाठी दोन लाख वेगळे. भरू का? (एक तरुण, राजापूर)

उत्तर : एक पैसाही भरू नकोस.

टॉवेल आर्टचं असं कुठलंही सक्तीचं सर्टिफिकेट नसतं. घड्या जहाजावर गेल्यावर शिकवतात, आणि शिकवणारा तुझ्याबरोबरचाच दोन करार जुना मुलगा असतो. मला शिकवणारा सासष्टीचा एक गोंयकार होता. आधी हात धुवायला लावायचा, मग टॉवेलला हात. तुला लागेल ते वेगळं : एसटीसीडब्ल्यू या खलाशांच्या प्रशिक्षणाच्या आंतरराष्ट्रीय करारानुसारचं मूलभूत सुरक्षा प्रशिक्षण, म्हणजे समुद्रात जीव वाचवणं, आग विझवणं, प्रथमोपचार, जहाजावरची स्वतःची सुरक्षा आणि जबाबदाऱ्या. शिवाय जहाजाच्या सुरक्षेचा छोटा कोर्स. मग सीडीसी, म्हणजे खलाशाचं पुस्तक. मान्यताप्राप्त डॉक्टरकडची वैद्यकीय तपासणी. जहाज अमेरिकेच्या बंदरांना लागणार असेल तर सी-वन-डी, म्हणजे जहाजावरच्या कर्मचाऱ्यांचा व्हिसा.

एजंटकडे सगळ्यात आधी आरपीएसएल क्रमांक माग. खलाशांची भरती करायचा हा परवाना डीजी शिपिंग, म्हणजे केंद्र सरकारचं जहाजवाहतूक महासंचालनालय देतं आणि कोणाचा चालू आहे, कोणाचा रद्द झालाय हे त्यांच्या संकेतस्थळावर बघता येतं. क्रमांक सांगायला टाळाटाळ झाली की तिथूनच परत फिर. परवाना असला तरी नोकरी लावण्याबद्दल खलाशाकडून पैसे घ्यायला २०१६ च्या नियमांनी मनाई आहे. पासपोर्ट, सीडीसी, वैद्यकीय तपासणी यांचा खर्च तुझा. नोकरीची किंमत तुझी नाही.

मुलाखतीत काय विचारतात? पलंग करून दाखव म्हणतात. चादरीचा कोपरा पंचेचाळीस अंशांत बसतो का ते बघतात. कुठलं रसायन कुठे चालतं, पोछा आणि कापड रंगाप्रमाणे वेगळं का ठेवतात, हे विचारतात. इंग्रजीत पाहुण्याची तक्रार ऐकून घेता येते का, हे पाहण्यावर सगळ्यात जास्त भर असतो. अमेरिकेच्या बंदरात येणाऱ्या जहाजांची तिथल्या सीडीसी या आरोग्य संस्थेच्या (तुझं खलाशाचं पुस्तक ते वेगळं) कार्यक्रमाखाली न सांगता तपासणी होते. १०० पैकी ८६ गुण मिळाले तर जहाज पास, त्याखाली नापास. त्या दिवशी हत्तीकडे कोणी बघत नाही.

घरी सराव करायचा असेल तर जरूर कर, हात बसतो. पण आधी बाथरूम.

प्रश्न : नातू गेल्या वर्षी आईबाबांबरोबर जहाजाने फिरून आला. आता सुट्टीत आला की "आजी, माकड कर" म्हणून मागे लागतो. मला साडीची घडीसुद्धा एकट्याने होत नाही. माकड सांगाल का? (आजी, ठाणे)

उत्तर : आजी, माकड करायला दोन माणसं असली तर उलट सोपं जातं, तेव्हा नातवालाच कामाला लावा.

मोठा टॉवेल पसरा. आखूड बाजूंकडून दोन्ही सुरळ्या मध्यापर्यंत आणा, इथवर हत्तीसारखंच. फक्त तळव्यांची दुमड नको. आता मधोमध वाकवताना सुरळ्या बाहेरच्या बाजूला ठेवा. चार टोकं एका बाजूला येतील. प्रत्येक टोकाच्या पोटात बोट घालून पाहा, आत टॉवेलचा कोपरा लागेल. तो थोडा बाहेर ओढून घ्या. चारही कोपरे बाहेर आले की एका सुरळीचे दोन तुम्ही धरा, दुसरीचे दोन नातवाला द्या, आणि दोघं विरुद्ध दिशेला ओढा. हात आणि पाय सर्रकन बाहेर निघतात आणि मधे पोट राहतं. मुलांना ही ओढच आवडते. माकड झालं तरी पुन्हा उलगडून ओढायला लावतात.

माकडाचं डोकं कागदावर शिकवण्यासारखं नाही, मला जमलेलं नाही. तुम्ही हँड टॉवेलची घट्ट गुंडाळी करा, नातवाची टोपी घाला आणि ओठ म्हणून गुंडाळीचा एक काठ पुढे ओढून ठेवा. पँट अडकवायच्या चिमट्याच्या हँगरला दोन्ही हात लावा आणि हँगर कपाटाच्या मुठीला. पंख्याला अजिबात नाही, तो कितीही हट्ट करू दे.

आणि तुम्हाला रुमालाचा उंदीर येतच असणार. तळहातावर ठेवून बोटांनी शेपटीकडून हळूच उडवायचा, तो. जहाजावर असला उंदीर मी एका इटालियन आजोबांच्या हातात पाहिलाय, अगदी आपल्यासारखाच, तेही नातवाला भिववत होते. टॉवेल दमले की तो काढा.

प्रश्न : एका पाहुण्याने रिव्ह्यूमध्ये लिहिलं, "टॉवेल कोणाच्या तरी हातांनी चोळामोळा केलेला होता, वापरावासा वाटला नाही." बंद करू का? (रिसॉर्ट व्यवस्थापक, महाबळेश्वर)

उत्तर : बंद करू नका, पण त्या माणसाचं म्हणणं खोटं नाही. साध्या घडीलाही हात लागतातच, ते पाहुण्याला जाणवत नाही एवढंच. प्राण्यात हात दिसतात.

तेव्हा हात धुवून, बाथरूम साफ करायच्या आधी प्राणी करायचा, नंतर नाही. मुलं उलट करतात, कारण बाथरूम आधी संपवायची सवय असते. कॉरिडॉरमधल्या ट्रॉलीवर किंवा जमिनीवर टॉवेल पसरू द्यायचा नाही. खोलीतलं टेबल स्वच्छ कापडाने पुसून त्यावर. डोळे, रिबिनी, फुलं काहीही लावायचं नाही. आणि पाहुण्याच्या वस्तू वापरायच्या नाहीत. जहाजांवर पाहुण्याचाच गॉगल माकडाला घालायची पद्धत आहे, फोटोला मजा येते, पण मी माझ्या मुलांना मनाई केली आहे. टेबलावर ठेवलेल्या चष्म्याला कोणी हात लावला हे काही माणसांना अजिबात आवडत नाही, आणि ते आधी कळायला मार्ग नसतो. खोलीत कोणी आजारी असेल तर प्राणी नाही, साधी घडी.

प्रश्न : माझा प्रश्न उलटा आहे. हत्ती छान होतो. पाहुणे तो मोडतच नाहीत! दोन दिवस फोटो काढतात, पोरं त्याच्याशी खेळतात, आणि रिसेप्शनला फोन करून दुसरे टॉवेल मागतात. धुण्याचा खर्च वाढलाय. (होमस्टे चालक, तारकर्ली)

उत्तर : हे जहाजावरही रोजचंच होतं. काही पाहुणे सफर संपेपर्यंत सगळे प्राणी सोफ्यावर ओळीने मांडून ठेवायचे आणि लाँड्रीवाला आमच्या नावाने ओरडायचा.

अंघोळीचा संच बाथरूमच्या दांडीवर साधा घडी घालून ठेवा. पलंगावर ठेवायचा तो फक्त हँड टॉवेलचा, एकाच कापडाचा छोटा ससा किंवा हंस. पाय पुसायला, किनाऱ्यावरून आल्यावर वाळू झटकायला तो लागतोच, आणि दोन दिवस कोणी नाही मोडला तरी तुमच्या मशीनवर भार नाही. मोठा हत्ती हवाच असेल तर मुलं असलेल्या खोलीतच, आणि चहा द्यायला जाल तेव्हा पोरांना सांगा, सोंड ओढली की टॉवेल होतो. पाच मिनिटांत सोंड ओढली जाते.